गाद्यांच्या गाडीतून गोल

जपानला येऊन लोक फुजी पाहतात, चेरीची फुलं पाहतात, निदान एकदा गरम पाण्याच्या कुंडात तरी बसतात. मी शनिवार-रविवारची सुट्टी मागून घेतली आणि तीन गाड्या बदलून एका पेरूच्या माणसाचं फुटबॉलचं समालोचन ऐकायला गेले. पुण्याला आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरी आहेस ना तू?"

प्रश्न रास्त होता. फुटबॉलमधलं मला काही म्हणता काही कळत नाही. पण पुण्यात अकरा वर्षं मी स्पॅनिश शिकवत होते. मग श्रीरंगच्या बँकेने त्याला तोक्योला पाठवलं, त्याचं ऑफिस तोयोसुला, आमचं घर फुनाबोरीला, आणि माझं स्पॅनिश बासनात. इथे मी कोपऱ्यावरच्या कॉन्बिनीत आरुबाइतो करते, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात तासावारी काम. गल्ल्यावर उभं राहून मी जपानीत माफी मागायला मात्र अगदी तरबेज झाले आहे. उशीर झाला, माफ करा. पिशवी हवी का, माफ करा. घरी सई, आमची तेरा वर्षांची मुलगी, मराठीत विचारलेल्या प्रश्नाला जपानीत उत्तर देते.

एका रविवारी बटाटे सोलताना मोबाइलवर एक इंटरनेट रेडिओ लागला. एक भारदस्त, खरखरीत आवाज स्पॅनिशमध्ये भरधाव सुटला होता. ऐकता ऐकता लक्षात आलं, की हा सामना दक्षिण अमेरिकेत चाललेला नाही. तो तोक्योच्या उत्तरेला, गुन्मा प्रांतातल्या इसेसाकी गावी, नदीकाठच्या मैदानावर चालला आहे. खेळणारे तिथल्या कारखान्यांत काम करणारे पेरूचे आणि बोलिव्हियाचे लोक. आणि हा माणूस त्यांचा खेळ असा सांगत होता, जणू सगळं जग कानात प्राण आणून ऐकतंय.

पण मला धरून ठेवलं ते भलत्याच गोष्टीने. मध्येच चेंडू सोडून तो म्हणाला, "तेओफिलाआई, वाल्तेरने केस कापलेत. जरा जास्तच कापलेत. पण तब्येत चांगली दिसतेय." मग पुन्हा चेंडूकडे.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. वाल्तेर हा गोलकीपर, आणि तेओफिलाआई त्याची आई, लीमाला राहणारी. इथे रविवारी दुपारचा एक वाजतो तेव्हा तिथे शनिवारचे रात्रीचे अकरा वाजलेले असतात, आणि ती माउली जागी राहून ऐकते. वाल्तेर फोन फारसा करत नाही. मुलगा कसा आहे हे तिला या समालोचनातून कळतं. अशा कितीतरी आया, बायका, बहिणी. समालोचक कुणालाच विसरायचा नाही. कुणाचा गुडघा बरा झाला, कुणी नवे बूट घेतले, कुणाला बाळ झालं, हे सगळं चेंडू मैदानाबाहेर गेला की सांगून टाकायचा. मी धीर करून एक संदेश पाठवला. तो त्याने वाचला, माझं नाव बऱ्यापैकी उच्चारलं, आणि उलट निरोप दिला: जानेवारीत अंतिम सामना आहे, पुण्याच्या सेन्योरांनी, म्हणजे बाईंनी, यायलाच हवं, राहायची सोय आमच्याकडे.

श्रीरंग म्हणाला, "जा. नाहीतर वर्षभर ऐकवशील."

इसेसाकी, शनिवार

स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं आणि वाऱ्याने माझी टोपी नेली. या भागात हिवाळ्यात आकागी डोंगरावरून एक कोरडा वारा येतो, त्याला कराक्काझे म्हणतात. आभाळ निळंशार, ऊन लख्ख, आणि वारा असा की उभ्या केलेल्या सायकली माना टाकून आडव्या. टोपी ज्यांनी धावत जाऊन पकडली तेच समालोचक निघाले. साठीचा ठेंगणा, रुंद माणूस, चेहरा जपानी, हातवारे मुळीच जपानी नाहीत. त्यांचे आजोबा ओकिनावाहून पेरूला गेले. हे बाविसाव्या वर्षी पेरूहून इथे आले. आठवडाभर कारखान्यात माल उचलायची गाडी चालवतात. गावातले लोक त्यांना ज्या आदराने हाक मारतात त्याचं मराठी करायचं तर एर्नेस्तोराव असंच करावं लागेल, म्हणून मी तसंच म्हणते.

त्यांच्या बायकोने, नोर्माताईंनी, जेवायला उकडलेल्या बटाट्यांवर चीज आणि पिवळ्या मिरचीचं दाट वाटण ओतून समोर ठेवलं. रंगाने थेट आपलं पिठलं. चवीला मिरची आधी गोड लागते आणि मग पाठीमागून येऊन टपली मारते. सोबत जांभळ्या मक्याचं, लवंग-दालचिनी घातलेलं सरबत. मी तिळाच्या वड्या नेल्या होत्या. नोर्माताईंनी एक खाल्ली, दुसरी खाल्ली, आणि डबा उचलून फडताळात ठेवला. एर्नेस्तोरावांच्या वाट्याला एकही आली नाही.

"आता आपल्याला कामाला जायचंय," जेवण होताच एर्नेस्तोराव म्हणाले. मला वाटलं, रेडिओचं काहीतरी. त्यांनी माझ्या हातात बिस्किटांचे खोके दिले. जपानी पद्धतीने कागदात गुंडाळलेले, एकसारखे, एकोणीस.

मग हकिगत कळली. लॅटिन अमेरिकेतला फुटबॉल म्हणजे आरडाओरडा, कर्णे, ढोल. दोन वर्षांपूर्वीपर्यंत इथेही तसंच होतं. मैदानालगतच्या बंधाऱ्यापलीकडे एकोणीस घरं आहेत. त्यांच्याकडून नगरपालिकेकडे तक्रार गेली, आणि मैदान देताना अट आली: भोंगा नाही, ढोल नाही, ओरडणं नाही. पुन्हा तक्रार आली तर पुढच्या वर्षीची परवानगी रद्द. मैदान गेलं की सामने गेले, आणि सामने गेले की रेडिओ गेला. बुधवारी नगरपालिकेत बैठक होती. शेजाऱ्यांच्या मंडळाचे यंदाचे प्रमुख कानाई-सान म्हणून एक गृहस्थ, ते उद्याचा सामना ऐकून अहवाल देणार होते.

"सामना पाहून?" मी विचारलं.

"नाही, सेन्योरा. ऐकून. म्हणजे काही ऐकू येतंय का, ते ऐकून."

सामन्याच्या आदल्या दिवशी दरवेळी एर्नेस्तोराव या घरांना खोके वाटतात. जपानची ही रीतच आहे. घरात सुतारकाम काढलं तरी आधी शेजाऱ्यांना खाऊ देऊन, वाकून, उद्या त्रास होईल म्हणून सांगायचं. आपण तिळगूळ देऊन गोड बोला म्हणतो. इथे गोड देऊन, आमचं कडू ऐकून घ्या म्हणतात. मला ही पद्धत फार आवडली. पुण्यात मांडव घालणाऱ्यांनी ही घेतली तर अर्धं शहर साखरेने आजारी पडेल.

अठरा घरांनी खोका घेतला. काहींनी हसून, काहींनी दार जेमतेम उघडून. एकोणिसावं घर कानाई-सानांचं. पंचाहत्तरीचे, सडपातळ, पांढराशुभ्र शर्ट आणि वर लोकरी जाकीट. त्यांनी आम्हाला वाऱ्यात उभं न ठेवता आत, चपला काढायच्या जागेत घेतलं. तिथे बायकी चपलांचा एक जोड नीट भिंतीकडे वळवून ठेवला होता, त्यावर धुळीचा पातळ थर.

"हे मला घेता येणार नाही," खोक्याकडे बघून ते म्हणाले. "घेतलं तर आधीच हो म्हटल्यासारखं होईल. मी उद्या ऐकेन, मग ठरवेन." मग म्हणाले, "माझी बायको आजारी आहे. रात्री तिला झोप येत नाही. दुपारी एक ते तीन तेवढी लागते. ती मोडू नये, एवढंच माझं म्हणणं आहे."

एर्नेस्तोराव कमरेतून वाकले. मीही वाकले. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "माणूस खाष्ट आहे." एर्नेस्तोराव म्हणाले, "माणूस बरोबर आहे. म्हणूनच मला भीती वाटते."

नदीकाठ, रविवार

दुपारी मैदानावर गेले आणि जे पाहिलं ते आयुष्यात विसरणार नाही.

दोनेकशे माणसं. बाया, बाप्ये, शाली गुंडाळलेल्या आज्या, बाबागाडीतली पोरं. सगळ्यांच्या कानात इअरफोन. डोळ्यांसमोर सामना, आणि कानात त्याच सामन्याचं समालोचन. तोंडं बंद. आपल्याकडेही लोक ट्रान्झिस्टर घेऊन क्रिकेट बघायला जात, पण तोंडाला कुलूप लावून कुणी गेल्याचं ऐकिवात नाही.

आणि समालोचक कुठे? बंधाऱ्याच्या उतारावर उभ्या केलेल्या पांढऱ्या व्हॅनमध्ये. तिच्या आत चारी बाजूंनी, छतालासुद्धा, जुन्या गाद्या दोरीने बांधल्या होत्या. पुढची काच तेवढी मोकळी, तीतून मैदान दिसायचं. आत दोन माइक, एक लॅपटॉप, आणि पाण्याच्या सहा बाटल्या. खिडक्या गच्च बंद करून हा माणूस त्या कापसाच्या खोलीत बसून गर्जना करायचा, आणि ती गर्जना इंटरनेटवरून जगाची फेरी मारून दहा पावलांवर बसलेल्या माणसाच्या कानात पोचायची. या फेरीला अर्धं मिनिट लागायचं. म्हणजे गोल आधी डोळ्यांना दिसणार आणि अर्ध्या मिनिटाने कानाला.

"मग लोक आनंद कधी करतात?" मी नोर्माताईंना विचारलं.

"कानात आला की," त्या म्हणाल्या. "हा म्हणेपर्यंत गोल झाला असं आम्ही धरत नाही. आणि आनंद असा करायचा." त्यांनी दोन्ही हात वर करून पंजे हलवून दाखवले.

पूर्वार्धात मी व्हॅनमध्ये एर्नेस्तोरावांच्या शेजारी बसले. तो माणूस बोलत नव्हता, कष्ट करत होता. कपाळावरून घाम, मानेच्या शिरा ताठ, एक हात स्टिअरिंगवर जणू गाडी चालूच आहे. "वारा आज बोलिव्हियाच्या बाजूने खेळतोय!" ओरडले, आणि खरंच, चेंडू उंच गेला की वाऱ्याने मागे यायचा. मग आवाज एकदम उतरवून, "तेओफिलाआई, तुम्ही पाठवलेला मफलर वाल्तेरने घातला होता. पंचांनी काढायला लावला. आता तो खांबाला बांधलाय. मला इथून दिसतोय, लाल." मीही आईला फोन करायचं चुकवते. कामात होते, सांगते. माझ्यासाठी आईने कुठला रेडिओ लावावा?

मध्यंतरापर्यंत गोल नाही. त्या गाद्यांत माझा जीव गुदमरला होता. मी बाहेर पडले आणि वाल्तेरच्या गोलजवळ जाऊन उभी राहिले. जाताना एर्नेस्तोराव म्हणाले, "दाराची काच बोटभर उघडी राहू दे, मलाही वारा हवा." बंधाऱ्यावर, व्हॅनच्या वर, कानाई-सान लोकरी टोपी घालून उभे होते. हातात छोटी वही.

उत्तरार्धात बोलिव्हियाच्या संघाला पेनल्टी मिळाली. वाल्तेर एकटा, समोर चेंडू. खांबाला लाल मफलर फडफडत होता. माझ्या कानात एर्नेस्तोराव अजून अर्धं मिनिट मागे होते. तिथे पेनल्टीला कारण झालेली धक्काबुक्की आत्ताशी होत होती. समोर त्या माणसाने धावत येऊन चेंडू मारला, खाली, उजवीकडे. वाल्तेर आडवा झेपावला आणि दोन्ही हातांनी चेंडू छातीशी धरला.

"घेतला! घेतला रे घेतला! शाब्बास!"

हे कोण ओरडलं, म्हणून मी आजूबाजूला पाहिलं. दोनशे माणसं माझ्याकडे पाहत होती. अकरा वर्षं वर्गात 'हळू बोला' म्हणणारी, सोसायटीच्या बैठकीत लाउडस्पीकरविरुद्ध अर्ज करणारी मी. तोंडावर हात ठेवला, पण तोपर्यंत व्हायचं ते झालं होतं. आणि तेवढ्यावर भागलं नाही. व्हॅनची काच बोटभर उघडी होती. अर्ध्या मिनिटाने दोनशे कानांत पेनल्टी आली, आणि तिच्या मागोमाग, माइकने टिपलेला माझा आवाज, शाबासकीसकट. दोनशे माणसांनी पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिलं. कुणी रागावलेलं नव्हतं, सगळे घाबरलेले होते. नोर्माताईंनी डोळे मिटून घेतले होते.

मी बंधारा चढले. कानाई-सानांसमोर जाऊन कॉन्बिनीत शिकलेली सगळ्यात मोठी माफी मागितली आणि वाकून तशीच राहिले.

"आपण यांच्यापैकी?" त्यांनी विचारलं.

"नाही. मी भारतातली. फुनाबोरीला राहते. यांच्या लीगशी माझा काही संबंध नाही. मी फक्त रेडिओ ऐकते. यांनी मला बजावलं होतं. चूक माझी एकटीची आहे. त्याची शिक्षा यांना देऊ नका."

त्यांनी घड्याळ पाहिलं. वहीत लिहिलं. "दोन वाजून चौदा मिनिटं," ते म्हणाले. "मी घरी जाऊन बघतो." आणि वाऱ्यात वाकत निघून गेले. परत आले नाहीत.

शेवटच्या मिनिटांत पेरूच्या संघाने गोल केला. दोनशे माणसं अर्धं मिनिट निश्चल बसली. मग गाद्यांची ती व्हॅन चाकांवर हलायला लागली, आत एर्नेस्तोरावांचा 'गोल' न तुटता चालला होता, आणि मैदानभर हात वर झाले, पंजे हलू लागले, काही बायांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि आवाज फक्त वाऱ्याचा. मी हात वर केले नाहीत. मला लाज वाटत होती.

सामान आवरताना एर्नेस्तोरावांनी मला मोबाइल दाखवला. लीमाहून संदेश आला होता, नातीने टाइप केलेला. "पेनल्टीच्या वेळी ज्या बाई ओरडल्या त्या कोण? त्यांना सांगा, दोन वर्षांनी माझ्या मुलासाठी कुणी मोठ्याने ओरडलेलं मी ऐकलं. देव त्यांचं भलं करो."

मी तो संदेश तीनदा वाचला आणि व्हॅनमागे जाऊन रडले. स्टेशनवर निघताना नोर्माताईंनी बटाट्याचा डबा माझ्या हातात दिला.

फुनाबोरी

घरी आल्यावर मी कानाई-सानांना माफीचं पत्र लिहायला घेतलं. सईने ते तपासलं, चार ठिकाणी लाल पेन चालवलं, आणि पहिल्यांदाच मराठीत म्हणाली, "आई, तू खरंच ओरडलीस? किती मोठ्याने?" मी म्हटलं, नदीपलीकडे ऐकू जाईल इतक्या. ती माझ्याकडे आदराने पाहत राहिली.

बुधवारी संध्याकाळी एर्नेस्तोरावांचा फोन आला. आवाज इतका बारीक, की मी खुर्चीत बसूनच घेतलं.

"कानाई-सानांनी बैठकीत वही वाचली," ते म्हणाले. "लिहिलं होतं: लीगच्या लोकांचा आवाज, नाही. बाहेरच्या एका बाईंचा आवाज, एकदा, दोन वाजून चौदा मिनिटं. त्या आवाजाने माझी पत्नी जागी झाली. बाईंनी स्वतः येऊन माफी मागितली. लीगबद्दल माझी तक्रार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मैदान मिळालं, सेन्योरा! वर्षभर!" आणि मग ते घसा खाकरून म्हणाले, "एक अट आहे. फुनाबोरीच्या बाईंनी पुन्हा मैदानावर येऊ नये."

मी हसत सुटले. मग थांबले. त्या माणसाने जे झालं तेच लिहिलं होतं, बायको जागी झाली तेही. एका शब्दाने कमी नाही, एका शब्दाने जास्त नाही. एर्नेस्तोराव त्याला का भ्यायचे ते मला आता कळलं, आणि त्याच्याच भरवशावर ते का राहिले तेही.

तेव्हा वाचकहो, इसेसाकीला जायचं असेल तर जरूर जा. पिवळे बटाटे खा, टोपी घट्ट धरा, आणि दोन वाजून चौदा मिनिटांनी तोंड बंद ठेवा. मला मात्र ते मैदान आता फक्त कानांनी बघायचं आहे.

मार्चमध्ये नवा हंगाम सुरू होणार होता. आदल्या दिवशी, शनिवारी, मी बिस्किटांचा खोका घेतला आणि खालच्या मजल्यावरच्या उएदाबाईंचं दार वाजवलं. तीन वर्षांत आमची ओळख लिफ्टमध्ये मान हलवण्यापुरती होती. मी वाकून म्हटलं, "उद्या दुपारी एक ते तीनमध्ये आमच्या घरातून एकदा मोठा आवाज येण्याची शक्यता आहे. कदाचित दोनदा. फुटबॉलचा सामना आहे. माफ करा."

उएदाबाईंनी खोका दोन्ही हातांनी घेतला. माझ्याकडे नीट पाहिलं.

"खेळणारं कुणी आपल्या घरातलं आहे का?" त्यांनी विचारलं.

मला खांबाला बांधलेला तो लाल मफलर आठवला.

"हो," मी म्हटलं. "गोलकीपर."